नैराश्य-चिंतेच्या गोळ्यांवर वहिनीचं वजन पाच महिन्यांत ७ किलो वाढलं. गोळ्या न सोडता काय करता येईल?

निफाडची लेक

वहिनीसाठी विचारते आहे, तिला विचारूनच. वय ३४, उंची १५८ सेंमी. औषधं सुरू झाली तेव्हा वजन ६२ किलो होतं, आज ६९ आहे. मधे पाच महिने गेले. सध्या चालू आहे ते असं:

सकाळी नाश्त्यानंतर एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ, पहिल्या दिवसापासून.
रात्री १० वाजता मिर्टाझापिन १५ मिग्रॅ, झोप अजिबात लागत नव्हती म्हणून, साडेचार महिने.
रात्रीच प्रीगाबालिन ७५ मिग्रॅ, बेचैनी आणि धडधडीसाठी, तीन महिने.
सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची एक कॅप्सूल, ती फॅमिली डॉक्टरांनी दिलेली.

मनाने ती खूप सावरली आहे. झोप लागते, रडणं थांबलं, कामावर जायला लागली. पण रात्रीची गोळी घेतली की तास-दीड तासाने अशी भूक लागते की उठून दूध-बिस्किटं, भाकरवडी, फ्रीजमध्ये असेल ते खाल्ल्याशिवाय झोप येत नाही. दिवसाही सारखं गोड खावंसं वाटतं. घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, आता बरी आहेस तर गोळ्या बंद कर. दादा म्हणतो, जिभेवर ताबा ठेव. सायकियाट्रिस्टांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे.

हे वजन नेमकं कोणत्या गोळीमुळे? आणि या तीन आठवड्यांत घरच्या घरी काय करावं? कृपया नेमकं सांगा.

रुईचं पान

आधी आईंच्या म्हणण्याबद्दल, कारण तेच सगळ्यात धोक्याचं आहे. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या माणसालाही पूर्ण बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध त्याच डोसमध्ये चालू ठेवतात. वहिनींना औषध सुरू होऊनच पाच महिने झालेत. आत्ता बंद केलं तर आजार उलटण्याची शक्यता मोठी. शिवाय एस्सिटालोप्राम एकदम थांबवलं की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात, आणि घरच्यांना वाटतं की आजारच परत आला. प्रीगाबालिनही निदान आठवडाभर घेऊन उतरवत आणायचं औषध आहे. तेव्हा तीन आठवडे एकही गोळी कमी-जास्त करायची नाही.

आता दादांना सांगायचं ते. ही भूक जिभेची नाही. मिर्टाझापिन मेंदूतले हिस्टामिनचे एच-१ ग्राहक अडवतं. त्यानेच झोप येते आणि त्यानेच भूक वाढते. शिवाय सेरोटोनिनचे २-सी नावाचे ग्राहकही ते अडवतं. पोट भरल्याची जाणीव करून देण्यात या ग्राहकांचा मोठा वाटा असतो. म्हणजे एका बाजूने भूक वाढते आणि दुसऱ्या बाजूने 'पुरे' हा निरोप पोचत नाही. ओढही पिठूळ आणि गोड खाण्याकडेच असते. कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत भूक वाढल्याची तक्रार मिर्टाझापिन घेणाऱ्या १७ टक्के लोकांनी केली होती, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्या २ टक्क्यांनी. अशा भुकेला 'ताबा ठेव' म्हणणं म्हणजे सर्दीवाल्याला शिंकू नकोस म्हणण्यासारखं आहे. घरात कोणी टोमणे मारत असतील तर ते आजच थांबवा. खाणं लपून होऊ लागलं की त्याचा हिशेबच लागत नाही.

तुमच्या यादीतल्या गोळ्या वजनाच्या दृष्टीने सारख्या नाहीत.

एस्सिटालोप्राम: थोडं वाढवतं. अमेरिकेत १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये एक अभ्यास आला. त्यात सहा महिन्यांनी सरट्रालिन ही नैराश्याचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांपेक्षा एस्सिटालोप्राम घेणाऱ्यांचं वजन सरासरी ०.४१ किलोने जास्त वाढलं होतं, पॅरोक्सेटिनचं ०.३७ आणि ड्युलोक्सेटिनचं ०.३४ किलोने. फ्लुओक्सेटिन जवळपास सरट्रालिनइतकंच, आणि बुप्रोपिऑन या नैराश्याच्या आणखी एका गोळीवाल्यांचं ०.२२ किलोने कमी. ही सरासरी आहे, एखाद्याचं चार किलोही वाढू शकतं. पण ७ किलोंचा दोष एकट्या एस्सिटालोप्रामवर टाकता येणार नाही.

मिर्टाझापिन: माझ्या मते मुख्य कारण हेच. आणि इथे एक गैरसमज काढून टाकते. 'डोस अर्धा केला की भूकही अर्धी' असं होत नाही. हिस्टामिनवरचं काम ७.५ मिग्रॅवरसुद्धा जवळपास पूर्ण होतं. म्हणून विचारायचा प्रश्न 'कमी करता येईल का' हा नसून 'आता झोप बसली आहे, तर याची अजून गरज आहे का, की दुसरं काही देता येईल' हा आहे.

प्रीगाबालिन: दुसऱ्या क्रमांकावर. हे भूकही वाढवतं आणि अंगात पाणीही धरून ठेवतं. आज संध्याकाळी वहिनींच्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने १० सेकंद दाबून बघा. खळगा राहिला तर वाढलेल्या वजनात सुजेचा वाटा आहे. तो खाणं कमी करून जाणार नाही, डॉक्टरांनाच सांगावा लागेल.

आणखी एक कारण राहिलं. आजारात वजन उतरलं होतं का? सहा महिने धड जेवण नसलेल्या माणसाचे तीन-चार किलो भरून येणं हे बरं होण्याचं लक्षण आहे. आजाराआधीचं नेहमीचं वजन किती होतं ते शोधा आणि हिशेब तिथून करा.

औषधपेटी

ॲसिडिटीच्या कॅप्सूलचं नाव नको, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचून सांगा. पट्टी कापून दिली असेल तर मेडिकलवाल्याकडून पूर्ण पट्टी बघून घ्या. त्यात एकच औषध आहे की दोन?

निफाडची लेक

दोन आहेत. रॅबेप्राझोल २० मिग्रॅ आणि लेवोसल्पिराइड ७५ मिग्रॅ. चार महिने रोज चालू आहे. नडगीवर खळगा पडला, फार खोल नाही, पण पडला. आजाराआधी वजन ६३-६४ असायचं. आणखी एक, आधी लिहायला संकोच वाटला: दोन महिने पाळी आलेली नाही. गर्भ राहिलेला नाही, घरी तपासलं. आम्ही ते टेन्शनमुळे असेल असं धरून चाललो होतो.

औषधपेटी

मग एस्सिटालोप्रामची थोडी वाढ सोडली तरी तीन औषधं वजन वाढवणारी आहेत, आणि तिसरं कोणाच्या गणतीतच नव्हतं.

रॅबेप्राझोल ॲसिड कमी करतं, त्याचा इथे संबंध नाही. लेवोसल्पिराइड मात्र मुळात मनोविकारांच्या औषधांच्या कुळातलं आहे. डोपामिनचे ग्राहक अडवून ते पोट पुढे ढकलायला मदत करतं, म्हणून आपल्याकडे गॅस-ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये ते सर्रास असतं. डोपामिन अडलं की प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. त्यातून पाळी लांबते किंवा बंद होते, स्तन दुखतात, कधी दूधही येतं, आणि वजन वाढतं. जास्त दिवस घेतल्यास हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं हेही होतं, आणि नैराश्याच्या पेशंटमध्ये ते आजाराचंच लक्षण समजलं जातं. चार महिने रोज घेण्याचं हे औषध नव्हे.

यासाठी तीन आठवडे थांबू नका. फॅमिली डॉक्टरांना उद्याच भेटा, पाळीचं सांगा आणि नुसतं रॅबेप्राझोल चालेल का, की तेही लागणार नाही, हे विचारा. त्याच वेळी सीरम प्रोलॅक्टिनची चाचणी मागा. रक्त सकाळी, पण उठल्यावर निदान दोन-तीन तासांनी द्यायचं; झोपेतून उठल्याउठल्या पातळी आपोआप चढलेली असते. जिने चढून धापा टाकत गेलात तर आधी अर्धा तास शांत बसा. गर्भचाचणी लॅबमध्ये पुन्हा करून घ्या, घरची पट्टी फार लवकर वापरली असेल तर चुकते.

सोबत टीएसएच (थायरॉइडची चाचणी), उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि बी-१२ एकाच वेळी होऊन जाऊ द्या. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने टीएसएचचा आकडा खोटा येऊ शकतो.

हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, घरातल्या पट्ट्यांवर ही नावंही बघा. मायग्रेनसाठीचं फ्लुनारिझिन वजन वाढवतं आणि नैराश्यही आणतं. भूक वाढावी म्हणून मिळणाऱ्या सिरपमधलं सिप्रोहेप्टाडिन. 'झोपेची साधी गोळी' म्हणून वर्षानुवर्षं चाललेली क्लोरडायझेपॉक्साइड आणि ॲमिट्रिप्टिलिनची जोडगोळी. त्यातलं ॲमिट्रिप्टिलिन भूक वाढवणाऱ्यांत वरच्या रांगेतलं आहे. मुख्य औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, पोटाचं दुसरे, डोक्याचं तिसरे, आणि सगळ्या पट्ट्या एकत्र कोणीच बघत नाही. त्या सगळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरकडे न्या.

पळीभर तेल

खाण्याचं मी सांगते. आधी अंदाज घेऊ. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी धरल्या तर ७ किलो १५० दिवसांत म्हणजे रोज सुमारे ३६० कॅलरी जास्त. यात पाणी आहे, म्हणून खरा आकडा कमीच. आता रात्रीचं बघा: म्हशीचं दूध २०० मिली म्हणजे अंदाजे १७५, दोन चमचे साखर ४०, चार ग्लुकोज बिस्किटं १००. झाले ३१५. म्हणजे दिवसभराच्या जेवणाला हात न लावता नुसती रात्रीची ती वीस मिनिटं नीट बसवली तरी वजन वाढणं थांबू शकतं. सुरुवात तिथूनच करा. पहिल्या तीन आठवड्यांत वजन उतरवायचं नाही, फक्त ६९ वर थांबवायचं आहे.

रात्रीचं वेळापत्रक. जेवण ८ वाजता. मिर्टाझापिन १० ऐवजी ९ ला घेता येईल का, हे फोनवर विचारून घ्या. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. भूक उसळते ती गोळीनंतर तासाभराने. त्या वेळी माणूस टीव्हीसमोर जागा असला तर खाणार, अंथरुणात दिवा बंद करून असला तर निम्म्या वेळा झोप भुकेच्या आधी येते. म्हणून गोळी ९ ला आणि आडवं ९:४५ ला. गोळी घेतल्यावर गॅसशी जायचं नाही, गुंगीत भाजण्याचा धोका असतो.

आणि उरलेल्या निम्म्या वेळांसाठी खाणं आधीच काढून ठेवलेलं हवं. 'काही खाऊ नकोस' हा सल्ला रात्री साडेदहाला टिकत नाही. एका वाटीत ३० ग्रॅम फुटाणे, म्हणजे लहान मूठभर, किंवा १५० ग्रॅम घट्ट दही जिऱ्याची पूड घालून, किंवा एक उकडलेलं अंडं आणि काकडी. यातलं काहीही दीडशे कॅलरींच्या आत बसतं आणि प्रथिनांमुळे पोटात टिकतं. बिस्किटं आणि भाकरवडी घरात आणायचीच नाहीत, किंवा वरच्या फडताळात स्टीलच्या, आतलं न दिसणाऱ्या डब्यात. फ्रीज उघडल्यावर जे समोर दिसतं तेच खाल्लं जातं.

दिवसाची गोडाची ओढ बरीचशी सकाळच्या नाश्त्यावर ठरते. पोहे, उपमा, चहा-खारी यांत प्रथिनं नावाला. वहिनींना दिवसाला साधारण ६५ ग्रॅम प्रथिनं लागतील. त्यातली १५ ते २० नाश्त्यालाच गेली पाहिजेत. भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, किंवा दोन अंडी आणि एक पोळी, किंवा मटकीची उसळ मोठी वाटी आणि पेलाभर दूध. हिशेबाला सोपं: ३० ग्रॅम कोरडं कडधान्य ७ ग्रॅम, एक अंडं ६, पेलाभर दूध ६, ३० ग्रॅम कोरडे सोयाचे गोळे १५, १०० ग्रॅम पनीर १८, १०० ग्रॅम चिकन २० च्या वर. दुपारी आणि रात्री ताटात आधी उसळ किंवा घट्ट वरण वाढा, मग भाजी, पोळी शेवटी. वरण पातळ असेल तर वाटीत डाळ दोन चमचेच असते, तिची प्रथिनात गणती करू नका.

तेलाचं मोजायची सोपी रीत: महिन्याचं तेल घरात येतं त्याला माणसांनी भागा. चौघांच्या घरात दोन लिटर म्हणजे माणशी दिवसाला १६-१७ मिली, ठीक. तीन-चार लिटर येत असेल तर फोडणीची पळी बदलून चहाचा चमचा वापरा. एक चमचा तेल ४५ कॅलरी. दोन भाज्या आणि आमटी मिळून माणशी चार चमचे कधी जातात ते कळत नाही.

चहा: कपाला दोन चमचे साखर आणि चार कप, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एकदम बिनसाखरेचा केला तर आठवड्यात परत पहिल्यावर येतात. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, चार आठवड्यांत जीभ वळते. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि माणूस तहान समजून सरबत किंवा चहा पितो. त्यावर पाणी, पातळ ताक, तोंडात बडीशेप किंवा लवंग.

काय करू नये: १२०० कॅलरींचा छापील तक्ता, जेवण सोडणं, सकाळभर उपाशी राहणं. मिर्टाझापिनवरच्या माणसाने दिवसा उपास काढला की रात्री ती भूक दुप्पट होऊन येते.

पायवाट

चालण्याबद्दल. आठवड्याला १५० मिनिटं हे उद्दिष्ट बरोबर आहे, पण सुरुवात तिथून करू नका. नैराश्यातून सावरणाऱ्या माणसाला ४५ मिनिटांचं सांगितलं की दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी चुकतं आणि 'मला हेही जमत नाही' म्हणून सगळंच बंद पडतं.

पहिला आठवडा: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर १० मिनिटं, गच्चीवर किंवा सोसायटीत. दुसरा आठवडा: त्यातलं एक १५ चं. तिसरा: संध्याकाळी २० मिनिटं जरा झपझप, इतकं की बोलता यावं पण गाता येऊ नये. सकाळी ६ चा हट्ट नको. मिर्टाझापिन आणि प्रीगाबालिनची गुंगी ८-९ पर्यंत असते, तोल जातो. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसून मग उभं राहायचं.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचं. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात टेकून ढकलणं १० वेळा, दोन्ही हातांत पाण्याची लिटरची बाटली घेऊन खांद्यापर्यंत उचलणं १० वेळा. अशा दोन फेऱ्या, पंधरा मिनिटांत होतं. खाणं कमी करताना हे केलं नाही तर चरबीसोबत स्नायूही जातात.

पायावर खळगा पडतो म्हणालात, तर बसताना पाय पाटावर ठेवा, पण एकाच पायाला सूज, दुखणं किंवा धाप असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

काजवा

बुप्रोपिऑनने वजन कमी वाढतं असं वर आलंच आहे. मग एस्सिटालोप्राम बदलून तेच का नको? आणि मेटफॉर्मिन किंवा ती आठवड्याची इंजेक्शनं?

रुईचं पान

बुप्रोपिऑन नैराश्यावर चांगलं, पण चिंता आणि धडधड ही मुख्य तक्रार असेल तर ते बेचैनी वाढवू शकतं आणि झोप उडवतं. ज्यांना कधी फिट आली आहे, किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढण्याचा आजार आहे किंवा होता, त्यांना ते देतच नाहीत. वहिनींच्या बाबतीत 'रात्री उठून खाते' म्हटल्यावर डॉक्टर हे विचारतीलच, खरं सांगा. शिवाय एस्सिटालोप्रामने ती बरी झाली आहे. लागू पडलेलं औषध अर्ध्या किलोच्या फरकासाठी हलवण्यात मला शहाणपण दिसत नाही. हलवायचंच तर मिर्टाझापिन, मग प्रीगाबालिन, आणि एका वेळी एकच, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. झोपेसाठी गोळीऐवजी झोपेची समुपदेशन-पद्धतही आहे. ठरलेल्या वेळी उठणं, अंथरुणात फक्त झोपणं, जाग आली तर २० मिनिटांनी उठून बसणं. सहा-आठ आठवडे लागतात, पण टिकते.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा पुरावा ओलांझापिन, क्वेटियापिन अशा तीव्र मनोविकारांच्या औषधांनी वाढलेल्या वजनासाठी चांगला आहे. सरासरी तीन किलोंच्या आसपास फरक पडतो. नैराश्याच्या गोळ्यांसाठी तितका पुरावा नाही. साखर वाढलेली निघाली तर मात्र डॉक्टर विचार करतील. जेवणाबरोबर ५०० मिग्रॅपासून सुरू करतात, एकदम वाढवलं तर जुलाब होतात. शाकाहारी असाल तर बी-१२ वर नजर ठेवावी लागते.

आठवड्याच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असं काही, त्यांच्यासाठी ती आहेत. वहिनींचा २७.६ आहे. भूक वाढवणारी दोन औषधं तशीच ठेवून वर भूक मारणारं तिसरं सुरू करणं हा उलटा क्रम झाला. इंजेक्शन थांबलं की वजन बरंचसं परत येतं, आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

आणि एक कळकळीची विनंती. 'आयुर्वेदिक फॅट बर्नर', स्लिमिंग चहा, ऑनलाइन कॅप्सूल यांतलं काहीही या गोळ्यांबरोबर नको. ५-एचटीपी किंवा सेंट जॉन्स वर्ट असलेलं काही एस्सिटालोप्रामबरोबर घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढतं: ताप, घाम, थरथर, स्नायू उडणं, गोंधळ. सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली, तरी वजनाच्या पुड्यांत ते छुपं मिसळलेलं सापडतं, त्यानेही हेच होतं. 'वजनासाठी थायरॉइडची गोळी' हाही असाच प्रकार. टीएसएच बरोबर असताना ती घेतली तर धडधड आणि चिंता दोन्ही वाढतात.

निफाडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. फॅमिली डॉक्टरांनी लेवोसल्पिराइड थांबवलं, नुसतं रॅबेप्राझोल दोन आठवड्यांसाठी दिलं आहे. रक्त परवा देणार. सायकियाट्रिस्टांकडे दहा मिनिटंच मिळतात. तिथे काय न्यावं? आणि वजन रोज बघावं का? वहिनी काट्यावर उभी राहिली की दिवसभर उदास असते.

रुईचं पान

रोज नको. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर, चहाआधी, तेच हलके कपडे. काटा फरशीवर, चटईवर ठेवला तर आकडा हलतो. वहिनींना त्रास होत असेल तर त्यांनी आकडा बघायचाच नाही; पाठमोरं उभं राहायचं, तुम्ही वहीत लिहायचं. पाळीच्या आसपास एक-दोन किलो पाणी असतं, म्हणून आठवड्याची तुलना आठवड्याशी न करता चार आठवड्यांची सरासरी धरा. महिन्यातून एकदा कंबर: शेवटची बरगडी आणि कटीचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीय बायकांसाठी ८० सेंमी ही रेषा मानतात, पुरुषांसाठी ९०.

दहा मिनिटांसाठी एक कागद लिहून न्या आणि बसताक्षणी पुढे ठेवा. साधारण असा:

'औषध सुरू करताना ६२, आज ६९. आजाराआधीचं नेहमीचं ६३-६४. कंबर अमुक. भूक रात्रीच्या गोळीनंतर तासाभराने, आठवड्यातून अमुक रात्री. झोप आता अमुक तास. घोट्यावर सूज, प्रीगाबालिन सुरू झाल्यावर. लेवोसल्पिराइड चार महिने चालू होतं, अमुक तारखेला बंद. पाळी दोन महिने नाही. रिपोर्ट सोबत. मनाची स्थिती चांगली, ती तशीच राहावी. विचारायचं: मिर्टाझापिनची गरज अजून आहे का? प्रीगाबालिनला पर्याय आहे का? बदल केला तर कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवायचं आणि कोणाला फोन करायचा?'

शेवटचा प्रश्न विसरू नका. गोळी बदलण्याच्या काळात झोप उडाली, बेचैनी परत आली किंवा 'जगून काय उपयोग' असं काही वहिनी बोलल्या तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दवाखाना बंद असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात वाटला तर फोनवर न थांबता सरळ हॉस्पिटल.

बरं, सरसकट सगळ्या रुग्णांचं वजन पहिल्या महिन्यांतच वाढतं असं नाही. ब्रिटनमधल्या सुमारे तीन लाख लोकांच्या नोंदी दहा वर्षं पाहिल्या गेल्या, २०१८ मध्ये तो अभ्यास आला. त्यात धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जास्त दिसला. म्हणून गोळ्या चालू आहेत तोवर ही वही चालू ठेवा. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ६२ किलोंवर ३ किलो, वाढले की डॉक्टरांना सांगायचं. सातावर सांगितलं तर उतरवायला वर्ष जातं.

निफाडची लेक

वही आजच घातली. एकच राहिलं: ती दर मंगळवारी आणि संकष्टीला उपास करते, सोडायचा नाही म्हणते. चालेल का? साबुदाण्याची खिचडी असते, रात्री सोडते.

पळीभर तेल

चालेल, सोडायला लावू नका. श्रद्धेने तिला बरं वाटत असेल तर ते आत्ता जपायलाच हवं. फक्त पदार्थ बदला. खिचडीच्या एका बशीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप, म्हणजे ४४० कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम. दोन तासांत परत भूक. त्याऐवजी सकाळी राजगिऱ्याची एक भाकरी आणि वाटीभर दही, दुपारी वरईचा भात एक वाटी, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर, चार वाजता पेलाभर ताक आणि एक पेरू. वेफर्स, बटाट्याचा चिवडा, रताळ्याचे तुपातले काप बाजूला. एस्सिटालोप्राम नेहमीच्याच वेळी, राजगिऱ्याच्या भाकरीनंतर; उपास आहे म्हणून गोळी चुकवायची नाही. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असेल तर जेवण आणि रात्रीची गोळी एकाच वेळी येते. तेव्हा जेवण हलकं, वरणभात आणि भाजी, मोदक एक, आणि गोळी जेवणानंतर लगेच घेऊन आडवं व्हायचं.

आणि कोणी लिथियमवर (मनाचे चढ-उतार स्थिर ठेवणारं औषध) असेल तर त्यांनी हे वाचून निर्जळी किंवा मीठ सोडून उपास करू नये. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की रक्तातलं लिथियम चढतं. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.